चुलीला माणूस, दाराला आकडा

या अंकाच्या संपादकांनी लेख मागताना विचारले, "निजामाच्या राज्यात तुम्ही नेमके काय करत होता?" मी म्हणालो, माणसे मोजत होतो. त्या काळातल्या मराठवाड्याच्या माणसाकडून काही दारूगोळ्याचे ऐकायला मिळेल अशी त्यांची अपेक्षा असावी. तशा आठवणी लिहिणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांतले काही तेव्हा खरोखर तिथे होतेही. माझ्याकडे बंदूक नव्हती, गेरूचा डबा होता. त्या डब्याने एक अख्खे गाव उठवले. ते मी पाहिले आहे, आणि अजून मला ते पटलेले नाही.

मी गिरदावर होतो. म्हणजे पटवाऱ्याच्या वर आणि तहसीलदाराच्या खाली. दोन्हीकडचा राग झेलण्यासाठी सरकारने जी जागा करून ठेवली होती ती. एरवी पिके पाहायची, बांध तपासायचे. पण दहा वर्षांनी एकदा मर्दुमशुमारी, म्हणजे जनगणना, यायची आणि आम्ही सगळे पिके सोडून माणसांमागे लागायचो. माझ्या वाट्याला आली ती लढाईच्या दिवसांतली.

काम कसे चाले ते सांगतो. आधी प्रत्येक दारावर डांबराने आकडा टाकायचा. मग त्या दारामागे चुली किती ते विचारायचे, कारण एका दारामागे चार भाऊ चार चुली मांडून बसलेले असत. चुलीला माणूस, दाराला आकडा, असे आम्ही मास्तरांना आणि पटवाऱ्यांना पढवून ठेवत असू. मग माणशी एक चिठ्ठी: नाव, वय, काय करून खातो, आणि काही करत नसेल तर कोणाच्या जिवावर खातो. शेवटी पक्क्या मोजणीचा दिवस. त्या दिवशी माणूस जिथे सापडेल तिथला धरायचा, असे आमचे साहेब मानत. हे लक्षात असू द्या, पुढे याने घात केला.

ऐकायला सोपे वाटते. पण बायका नवऱ्याचे नाव घेत नसत. ते शेजारणीला विचारावे लागे आणि शेजारीण हसत हसत भलतेच सांगे. पोरे किती हे कोणी आई सांगत नसे, मोजली की नजर लागते. "हायत द्येवाच्या दयेनं," एवढेच उत्तर. ते कोणत्या रकान्यात लिहावे हे हैदराबादने कळवले नव्हते. एका मठातले बुवा म्हणाले, "देह लिहा, मला लिहू नका." मी देह लिहिला. दुपारी पंगतीला मात्र बुवा स्वतः आले.

चुडावा स्टेशनवर उतरून बैलगाडीने जायचे असे एक मोठे गाव माझ्या हद्दीत होते. नाव लिहीत नाही. माणसे गेली तरी नातवंडे आहेत. ताडकळसचा बाजार सोडला तर बाजार आमचाच, असे तिथले लोक म्हणत. शुमारीच्या हिशेबाने पाच हजारांवर वस्ती गेली की गावाला शहर म्हणायचे. शहर झाले की म्युनिसिपल कमिटी येणार, दिवाबत्ती येणार, आणि मुख्य म्हणजे शफाखाना येणार, असे गावाने धरून ठेवले होते. शफाखाना म्हणजे सरकारी दवाखाना. हे कोणी कबूल केले होते ते मला शेवटपर्यंत कळले नाही. पण गाव पाच हजारांच्या अगदी काठावर होते, आणि त्या काठावर दोन माणसे फार आशेने उभी होती.

एक मन्मथअप्पा. अडतीचे मोठे दुकान, कपाळाला भस्म, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग. कमिटी झाली की सदर, म्हणजे अध्यक्ष, आपणच, या खात्रीने त्यांनी शेरवानी आधीच शिवून घेतली होती. दुसरे त्यांचे मुनीम दत्तोपंत, मूळचे गंगाखेडचे. त्यांना शेरवानी नको होती. काही वर्षांपूर्वी बाळंतपणात अडलेल्या बायकोला गाडीत घालून ते चुडाव्याकडे निघाले होते, परभणीच्या दवाखान्यात न्यायला. अर्ध्या वाटेवर एक बाभूळ आहे. तिथे त्यांनी गाडी वळवली, कारण पुढे जाण्याचे कारण उरले नव्हते. आता त्यांच्या लेकीला दिवस गेले होते.

अप्पांच्या घरच्या चिठ्ठ्या मास्तराने लिहिणे अप्पांना कमीपणाचे वाटले, म्हणून मी स्वतः गेलो.

"थोरला हैद्राबादला शिकायला हाय, त्यो धरा गिरदावर साहेब."

"तो तिथे धरला जाईल, अप्पा."

"तितं कोन वळखतंय त्याला? हितं धरा. लातूरचे जावई बी धरा. शिमग्याला येणारच हायत."

मी लेखणी थांबवली. अप्पांना वाटले मला आणखी हवे आहेत.

"धाकल्या सुनेला तिसरा लागलाय. त्ये बी मानूसच की."

"जन्मले की धरू."

"म्हंजे धा वर्सं थांबायचं?"

दारात उभे असलेले दत्तोपंत हळूच म्हणाले, "अप्पा, पोटातलं धरलं तर साहेब बाकीचंही खोडतील." मी विचारले, "चुली किती?"

"येकच. आमच्यात फूट न्हाई."

"आणखी कोणी घरात?"

"संपलं. समदे झाले."

राहिला आकडा. लढाईमुळे डांबर मिळत नव्हते, मिळाले ते पातळ होते. आणि अप्पांनी साहेब येणार म्हणून घराला नुकताच चुना दिला होता. "पांढऱ्या भिताडावर काळं नगं. गेरूनं टाका. देवळावानी दिसंल. गेरू मी देतो समद्या गावाला." गेरू त्यांच्याच दुकानातला. तहसीलने होकार दिला. चार दिवसांत गावातल्या प्रत्येक दारावर लाल आकडा चढला. काही म्हाताऱ्या दाराशी उभ्या राहून त्याकडे एकटक पाहत होत्या. मला वाटले, अक्षर आवडले असावे.

पक्क्या मोजणीला आमचे मोहतमिम साहेब, म्हणजे जिल्ह्यातले या कामाचे वरिष्ठ, खुद्द येणार होते. गाव शहर होते की नाही हे त्यांना डोळ्यांनी पाहायचे होते. अप्पांनी वेशीवर कमान उभारली. आंब्याचे टाळे, केळीचे खुंट, आणि मधोमध कापडावर "खुशआमदीद", म्हणजे सुस्वागतम. बाहेरगावचे सनईवाले बोलावले. मला आणि दत्तोपंतांना आदल्या दिवशी दुपारीच चुडाव्याला पाठवले, साहेबांना घेऊन यायला.

सकाळच्या गाडीने साहेब उतरले. शेरवानी, रुमी टोपी, आणि गाडीतल्या प्रवासाने वैतागलेला चेहरा. आम्ही धमणीत, म्हणजे बैलांच्या हलक्या गाडीत, बसलो. वाटेत ती बाभूळ आली. दत्तोपंतांनी तिच्याकडे पाहिले नाही, साहेबांना म्हणाले, "हुजूर, यहाँ से शफाखाना बहुत दूर है." साहेब म्हणाले, "देखेंगे." सरकारी भाषेत याचा अर्थ काय होतो हे मला ठाऊक होते. दत्तोपंतांना नव्हते. ते प्रसन्न झाले.

वेशीपाशी आलो. कमानीखाली एक शेळी उभी होती आणि सावकाश आंब्याची पाने खात होती. सनई नाही, अप्पा नाहीत. त्या दिवशी बाजार होता, आणि बाजाराच्या रस्त्यावर माणूस नव्हता. दारे सताड उघडी. एका ओट्यावर अर्धी निवडलेली तूर सुपात तशीच. रहाटाला पोहरा लटकत होता आणि वाऱ्यावर हेलकावत होता. आम्ही हाका मारल्या. आमचाच आवाज भिंतीवरून परत आला. मी नोकरीत दुष्काळ पाहिले, पुढे अठ्ठेचाळीसचे पळापळीचे दिवसही पाहिले. पण पाच हजारांच्या गावात आपल्याच पावलांचा आवाज ऐकू येणे मी त्याआधी आणि त्यानंतर कधी अनुभवले नाही. साहेब धमणीतून उतरायला तयार नव्हते.

"गाँव कहाँ गया?" ते मला विचारत होते. जणू मी ते खिशात घातले आहे.

मग रस्त्यात मेलेले उंदीर दिसले. एक, मग दोन, मग गटारीच्या कडेने कितीतरी. साहेबांनी रुमाल नाकाला लावला. दत्तोपंत खाली बसले. त्यांनी एका उंदराकडे निरखून पाहिले.

"हे माझे आहेत," ते म्हणाले.

मला कळेना. मग ते तुटक तुटक सांगू लागले. साहेब गोदामाकडे फिरकले तर उंदीर दिसू नयेत म्हणून त्यांनी परवा सोमल हे विष घातलेल्या पिठाच्या गोळ्या गोदामात ठेवल्या होत्या. अप्पांना सांगितले नव्हते. गोदाम साफ कर म्हटले होते, ते केले. उंदरांनी गोळ्या खाल्ल्या, पाण्यासाठी बाहेर आले आणि रस्त्यात मेले. आम्ही दोघे तेव्हा चुडाव्याला होतो.

"पण उंदीर मेले म्हणून गाव कशाला जाईल?" मी म्हणालो.

तेवढ्यात साहेबांनी बोट दाखवले. सगळ्या गावात एकाच ठिकाणाहून धूर निघत होता. अप्पांच्या वाड्याच्या मागून.

आम्ही तिघे आत गेलो. पुढची दालने रिकामी. झोपाळ्याच्या चांदीच्या कड्यासुद्धा काढून नेलेल्या. परसात गोठ्याच्या पलीकडे एक खोली होती, रस्त्याकडे दार नसलेली, म्हणून आकडाही नसलेली. आत चुलीपुढे एक म्हातारी बसून भाकरी थापत होती. कमरेखालून ती लुळी होती. हातांवर सरकत असे हे जमिनीवरच्या गुळगुळीत पट्ट्यावरून दिसत होते. आम्हाला पाहून ती दचकली नाही.

"मुनीम का? बसा बाबा. भाकर खाताव?"

दत्तोपंत म्हणाले, "अप्पांच्या थोरल्या भगिनी. गिरजाअक्का." ते हे इतके हळू म्हणाले की साहेबांनी पुन्हा विचारले.

अप्पांनी हैदराबादचा मुलगा सांगितला, लातूरचा जावई सांगितला, न जन्मलेले नातवंड सांगितले होते. मी त्या चुलीकडे पाहत उभा राहिलो. एकच चूल, आमच्यात फूट न्हाई.

"अक्का, सगळे गेले कुठे?" मी विचारले.

"माळावर. पलेग आलाय म्हनून." तिने भाकरी तव्यावर टाकली. "तुमी आकडे टाकले न्हवं गेरूचे? मागच्या पलेगात सरकारची मानसं उंदीर पडल्याल्या घरावर असाच गेरूचा आकडा टाकायची. आकडा पडला की घरातल्याला भाईर काढायचे, माळवद उकरायचे, हातरूनपांघरून जाळायचे. तुमी तर समद्या गावावर टाकला. बाया कवाच्या भ्याल्या व्हत्या. काल उंदीर पडाय लागले, मंग कोन ऱ्हातंय?"

"मग अप्पांनीच कसा गेरू दिला?"

"त्याला काय ठाव? तवा पैला उंदीर पडला आन् त्यो लातूरला गेला. आकडे पडले त्ये आमी पाह्यले."

साहेबांना मी हे हिंदुस्थानीत सांगितले. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. मग म्हणाले, "लिखो. आबादी, एक." ते थट्टेने म्हणाले नव्हते. त्यांना दुसरे काही सुचत नव्हते, आणि मलाही.

दत्तोपंत मात्र एकदम ताठ झाले. "दिवस मावळायच्या आत परत आणतो सगळ्यांना. मी सांगतो की औषध माझं होतं. हुजूर, संध्याकाळपर्यंत थांबा." त्यांना काय दिसत होते ते मला दिसत होते: शफाखान्याचे पाच हजार माळावर बसले होते.

माळ गावापासून लांब नव्हता. अडचण निराळीच होती. तो आमच्या गावाच्या शिवारात नव्हता. तो शेजारच्या एका वाडीच्या शिवारात होता, आणि वाडी म्हणजे ओढ्याकाठची मूठभर घरे. आम्ही पोचलो तेव्हा गाड्या सोडलेल्या, पाले ताणलेली, पोरे रडत होती. आणि वाडीचा शुमारीदार मांडी घालून भराभर चिठ्ठ्या लिहीत होता. शेजारी वाडीचा पाटील मिशीला पीळ देत उभा.

"हे काय चालले आहे?" मी विचारले.

"शुमारी, गिरदावर साहेब. मानूस जितं घावंल तितला, आसा न्हवं तुमचा कायदा? आमच्या शिवारात घावले."

"अरे, हे तुझ्या वाडीचे आहेत काय?"

"कालपसून हायत. पानी आमचंच प्यायलेत."

मी साहेबांकडे पाहिले. साहेब म्हणाले, "ठीक कहता है. जो लिखा गया, लिखा गया. जो नहीं लिखा, उसको वापस ले जाओ." कायद्याचे एक बरे असते, तो गोंधळलेल्या माणसाला धरायला काठी देतो.

दत्तोपंत गाडीच्या जुवावर चढले आणि ओरडून सांगू लागले. प्लेग नाही, सोमल आहे, मी घातला. परत चला.

कोणी हलले नाही. एक म्हातारा म्हणाला, "मागल्या बारीला बी सरकारचा मानूस आसंच म्हनला. काय न्हाई, घरात ऱ्हावा. आमच्या घरातले चार गेले."

"मी सरकारचा नाही रे. मी तुमच्यातला आहे."

"मंग सरकारसंगं धमनीत कशाला बसून आलाव?"

अप्पा गाडीच्या सावलीत बसले होते, नवी शेरवानी घालून. स्वागतासाठी आदल्या दिवशी घालून पाहताना तशीच अंगावर राहिली असावी, किंवा पळताना न्यायच्या वस्तूंत ती पहिली असावी. मुनिमाचे बोलणे त्यांना कळले होते, पण ते उठले नाहीत. आपण उगाच घाबरून पळालो हे सगळ्या माळासमोर कबूल करणे त्यांना प्लेगपेक्षा जड होते.

दत्तोपंत जुवावरून उतरले. मला म्हणाले, "अर्धे तरी लिहून झाले असतील." मग त्यांनी साहेबांची धमणी वळवली आणि गावाकडे हाकली. साहेबांना विचारलेसुद्धा नाही.

परत आले ते गिरजाअक्काला गादीवर बसवून. धमणी माळाच्या मधोमध थांबली. अक्का कोणाशी बोलली नाही. फक्त दिसेल अशी बसली. माळावर हळूहळू आवाज थांबत गेले. बायका उठून उभ्या राहिल्या. मला वाटते त्यांच्या दोन गोष्टी एकदम ध्यानात आल्या: की ही रात्रभर त्या उंदरांत होती आणि हिला काही झालेले नाही; आणि की ही रात्रभर तिथे एकटी होती.

अप्पा आले. "अक्का, दुसऱ्या खेपंला तुला न्यायलाच निगालो व्हतो."

"व्हय," अक्का म्हणाली. "मागल्या पलेगात बी दुसरी खेप ऱ्हायलीच की. तवा मला चालता तरी येत व्हतं. घर राख म्हनलास, राखलं." तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते, ऐकणाऱ्याला बाजू घेता आली असती. "बैलं जुंप आता. उंदीर मुनिमाचे हायत. घरला चला."

आधी बायकांनी अंथरुणे गुंडाळली. मग गाड्या जुंपल्या. पण लिहिलेले लिहून झाले होते. आणि ज्यांच्या घरात मागच्या वेळी माणसे गेली होती ते काही जण तरीही आले नाहीत. त्यांना मी दोष देत नाही.

निकाल आधी सांगून टाकतो. गाव पाच हजारांना भरले नाही. वाडीही अर्थातच भरली नाही, पण कागदावर ती इतकी फुगली की काही महिन्यांनी हैदराबादहून विचारणा आली: या वाडीत कारखाना वगैरे निघाला आहे काय? पाटलाने उत्तर पाठवले की येथले पाणी चांगले आहे. शहर कोणीच झाले नाही. शफाखाना आला नाही. दत्तोपंतांच्या लेकीला तिच्या सासरच्यांनी पुढे महिनाभर आधीच परभणीला नेऊन ठेवले, म्हणून ती वाचली. दत्तोपंत मात्र त्यानंतर मला जेव्हा जेव्हा भेटले तेव्हा एकच विचारत, "पुढची शुमारी कधी, साहेब?" मी सांगायचो. ते मान हलवायचे आणि चुडाव्याच्या रस्त्याकडे बघायचे.

त्या दिवशी संध्याकाळी गाव परतले तेव्हा उजेड होता. अप्पांच्या चिठ्ठ्या साहेबांनी स्वतः मागितल्या. अप्पांच्या आग्रहाने मी लिहून ठेवलेला हैदराबादचा मुलगा खोडला, लातूरचे जावई खोडले. अप्पा शेजारीच उभे होते. मग साहेब मला म्हणाले, आत जा, ती चूल लिही.

चूल लिहायची तर दाराला आकडा हवा. डब्यात थोडा गेरू उरला होता. मी परसातल्या त्या खोलीच्या चौकटीवर आकडा काढू लागलो. अक्का आतून पाहत होती.

"टाकताव टाका," ती म्हणाली. "पर आता म्या एकलीच कशी पळू?"

दत्तोपंत दारातून बाहेर निघून गेले. मी चिठ्ठी काढली. नाव लिहिले. वय तिने मागच्या प्लेगवरून सांगितले, मी अदमासाने धरले. मग पुढचा रकाना. काय करून खाता, हे विचारायचे. आणि काही करत नसाल तर कोणाच्या जिवावर. अप्पा उंबऱ्यापर्यंत आले होते आणि मी काय लिहितो ते पाहत होते. ते म्हणाले, "लिहा की, भावाच्या जिवावर."

मी अक्काकडे पाहिले.

"घर राखते," अक्का म्हणाली. "त्येच लिवा. समदे गेले म्हंजे मी हितं असते."

मी तेच लिहिले.